सोळा कोरी घरं

“बायकांना गप्प बसायला शिकवू नकोस, लेपेका,” हाना मावशी म्हणाली होती. “शिकतील त्या. मग नको तिथेही गप्प बसतील, आणि त्यांच्यात पहिली तू असशील.”

लेपेकाने ते हसण्यावारी नेलं. मावशीच्या तोंडाला झोपेतसुद्धा कुलूप नसे. गप्प बसण्यातलं तिला काय कळणार? शिवाय बेत पक्का झाला होता. नुआनूपासून काकाआकोपर्यंत शहरातल्या सगळ्या वस्त्यांत लेपेका स्वतः घरोघर फिरली होती, सात महिन्यांच्या लाहेलाला कडेवर घेऊन, आणि प्रत्येक दारात एकच निरोप दिला होता: शनिवारी दुपारी एमा चौकात या, ठेवणीतला होलोकू झगा घालून या, गवतावर पुढची जागा धरा, आणि शेवटच्या गाण्याला तोंड उघडू नका.

त्या साली जानेवारीत गोऱ्या लोकांनी हवाईच्या राणीला गादीवरून उतरवून आपलं सरकार बसवलं. फेब्रुवारीत त्यांनी राजवाड्याच्या बँडला बोलावून पुढ्यात कागद ठेवला. नव्या सरकारशी इमान राखू म्हणून सही करा, नाहीतर वाद्यं आणि गणवेश जमा करून चालते व्हा. बहुतेक सगळे चालते झाले. लेपेकाचा नवरा सोलोमोना क्लॅरिनेटवाला. वाद्य जमा करायच्या आदल्या दिवशी तो ते इतका वेळ घासत बसला की लेपेका म्हणाली, “लग्नाच्या दिवशी तू स्वतःला एवढं घासलं नव्हतंस.”

“बघू दे त्यांना, काय परत करतोय ते.” मग त्याने तोंडाकडची वेताची पट्टी सोडवली आणि खिशात टाकली. पट्टी त्याची स्वतःची होती. “वाजवा म्हणावं आता.”

तेव्हापासून तो पहाटे जाळं घेऊन खडकांवर जाई. घरात अळकुड्यांची पोई होती, मासळी होती. सूर नव्हता एवढंच.

लेपेका मिशनच्या मुलींच्या कॉलेजात शिकलेली. तिथे तिचं अक्षर घोटून घेतलं गेलं आणि नोटेशन इतकं पक्कं झालं की पुढे बँडची सगळी हवाईयन गाणी तिनेच उतरवून काढली. प्रत्येक वादकाला वेगळा कागद, आणि कागदावर त्याच्यापुरतेच सूर. जर्मन वॉल्ट्झ, इटालियन ऑपेराचे तुकडे हे छापील यायचे. आपली गाणी मात्र लेपेकाच्या हातची. त्यांत राणीचं गाणं शेवटी वाजायचं. दोन आवर्तनं झाली की वाद्यं एकदम थांबत, तीस माणसं उभी राहत आणि गात, आणि सगळा चौक त्यांच्याबरोबर गाई. कागदावर त्या जागी ठोक्यांची सोळा घरं कोरी होती. वर लेपेकाने हवाईयन भाषेत लिहिलं होतं: वाद्य खाली, उभे राहा, गा.

ते कागदही वाद्यांबरोबर जमा झाले.

सरकारने नवी माणसं गोळा केली. काही पोर्तुगीज, काही जर्मन, दोघंतिघं मनिलाकडचे. वाजवायचे चांगले, खोटं कशाला बोला. पण हवाईयन वाचता येणारा त्यांच्यात कोण? त्यांच्या लेखी ती सोळा घरं म्हणजे नुसती सोळा घरांची विश्रांती.

“मग ऐकू दे त्यांना ती विश्रांती,” लेपेका बायकांना म्हणाली. “पाचशे माणसं समोर बसलेली आणि चौकात चिमणीचा आवाज नाही. आपल्यावाचून त्यांच्याकडे काय आहे ते त्यांनाच मोजू दे.”

बायकांना ते आवडलं. गप्प बसल्याबद्दल कुणाला तुरुंगात टाकता येत नाही.

यात एकच माणूस आडवा येत होता. सही करणाऱ्या मोजक्यांपैकी एक, लेपेकाचा थोरला भाऊ किमोटेओ. अकरा वर्षं बँडमध्ये दुसऱ्या हॉर्नवर.

बुधवारी तो तिच्या दारात आला, हातात दोरीला ओवलेल्या दोन बोयी घेऊन. लेपेका उंबऱ्यातच उभी राहिली. त्याला आत न घेण्याची दोन कारणं होती आणि त्यातलं एकच तिला उघड बोलता येत होतं. न बोलायचं कारण म्हणजे एसेता, किमोटेओची बायको. गेल्या वर्षी तिच्या कानामागे चट्टा निघाला, टाचणी टोचली तरी कळेना, आणि महिन्याभरात तिला मोलोकाई बेटावर, कालाऊपापाच्या महारोग्यांच्या वस्तीत नेलं. तेव्हापासून लेपेका रोज सकाळी लाहेलाला आंघोळ घालताना तिचं अंग बोटा-बोटाने तपासायची. कानामागे, गुडघ्यामागे, बोटांच्या बेचक्यांत. नखाने हलकेच दाबून बघायची. पोर रडली की हिचा जीव भांड्यात पडायचा.

“आत येत नाही, घाबरू नकोस,” किमोटेओ म्हणाला. “मासे धर. दोरीला धर, माझा हात लागायचा नाही.”

“तसं नाही, दादा.”

“मग कसं?”

“तू सही केलीस.”

“केली. सही नाही तर पास नाही. दोन महिन्यांतून एकदा बोटीने जायचं आणि कुंपणाअलीकडून बायकोचं तोंड बघायचं, त्याचा पास. तुझ्या नवऱ्याने केली नाही, छान केलं. त्याची बायको घरी आहे.”

“तिकडे कुणाचं माणूस नाही, दादा? बँडमधल्या काहालेची आई आहे. मोठ्या ढोलावरच्या पिलिपोचे दोन मुलगे आहेत. त्यांनी नाही केली.”

“ते थोर आहेत. मी दुसरा हॉर्न आहे.” तो हसला. “ढोल म्हणतो पुम्, मी म्हणतो पा. अकरा वर्षं पा पा करतोय. पुम् कुणाच्या नावाने वाजलं, याने माझ्या पा ला काय फरक पडतो?”

“पडतो.”

“असेल.” त्याने मासे पायरीवर ठेवले. “शनिवारी तुम्ही सगळ्या येणार म्हणे.”

“येणार.”

“गाणार?”

लेपेकाने मासे उचलले. “तू वाजव, दादा. आमचं आम्ही बघू.”

कुणीच गाणार नाही, एवढं सांगितलं असतं तर तो सावध झाला असता. पण सही केलेल्या माणसाला बेत कसा सांगायचा? तिने दार लावून घेतलं आणि हात दोनदा धुतले.

शनिवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. गवतावर बायका ओळीने बसल्या होत्या, डोक्यावर फुलांच्या ताज्या लेई, मांडीवर पोरं. पुरुष झाडांखाली उभे. समोर खुर्च्यांवर सरकारातली मंडळी आणि त्यांच्या बायका, हातात छापील कार्यक्रम. बँड चालवायची काठी एका परक्या कॉर्नेटवाल्याच्या हातात होती. सुरुवातीला एका ऑपेराचा पूर्वरंग झाला, मग बोटीवरून नुकतंच आलेलं ते वॉल्ट्झ, जे त्या वर्षी धक्क्यावरचा हमालही शिटीवर वाजवायचा. टाळ्या खुर्च्यांवरून आल्या. गवतावरून एकही नाही.

“वाजवतात बरं मेले,” हाना मावशी पुटपुटली.

“मावशी.”

“गप्प बसले ना बाई.”

शेवटी हवाईयन गाणी. चौथं राणीचं. कार्यक्रमात त्याचं नाव काढून टाकून नुसतं ‘स्थानिक गीत’ छापलं होतं. पहिलं आवर्तन झालं, दुसरं झालं. वाद्यं थांबली. काठीवाला हवेत ठोके मोजू लागला.

आणि किमोटेओ उभा राहिला.

हॉर्न खाली, टाचा जुळलेल्या, अकरा वर्षं राहत होता तसा. समोर बहिणीच्या अक्षरातला कागद, त्यावर लिहिलेलं. त्याने ते केलं. मग त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाकीचे सगळे मांडीवर वाद्य घेऊन स्वस्थ बसले होते. तो बसू शकला असता. कुणी काही बोललं नसतं, फार तर हसले असते. पण त्याने गवतावर नजर फिरवली, लेपेकाला शोधून काढलं आणि हनुवटी किंचित वर केली. लहानपणी दोघं मिळून गायला लागायची तेव्हा तो अशीच हनुवटी उचलायचा. वरचा सूर त्याचा, खालचा हिचा.

तो गायला लागला. जुने शब्द, पहिल्याच ओळीत राणीचं नाव, पूर्ण.

खुर्च्यांवरची डोकी वळली. गवतावरच्या बायकांची डोकीही वळली, पण लेपेकाकडे. तिने ओठ उघडले असते तर पाचशे गळे उघडले असते. तिला ते कळत होतं. तिच्या छातीत खालचा सूर येऊन उभा होता. पण ठरलं ते ठरलं. आणि स्वतःच्या भावासाठी बेत मोडला तर उद्या पिलिपोच्या बायकोला तोंड कसं दाखवायचं? आणि त्याने सही केली होती. हे सगळं चार घरांत तिच्या मनातून गेलं. उरलेल्या बारा घरांत ती मांडीवरच्या लाहेलाच्या टाळूकडे बघत बसली.

किमोटेओचा आवाज एकट्याने गायचा नव्हता. पट्टी त्याने फार वर धरली होती. बाराव्या घरात तो फाटला. फाटलेल्या आवाजानेच त्याने उरलेलं गायलं, शब्द एकही गाळला नाही, मग खाली बसला, हॉर्न उचलला आणि ढोलामागून बरोब्बर आपल्या जागी शिरला.

टाळी वाजली नाही. खुर्चीवरच्या एकाने कार्यक्रमाच्या मागे काहीतरी लिहून घेतलं.

“काय शांतता होती,” परतताना बायका एकमेकींना सांगत होत्या. “तोंडं बघितलीत का त्यांची?” हाना मावशी घर येईपर्यंत काही बोलली नाही.

सोमवारी किमोटेओला काढलं. सरकारच्या गणवेशात, सरकारच्या मंचावर, राणीचं नाव घेतलं म्हणून. पासही रद्द.

तोवर सही न केलेल्यांनी उसनी वाद्यं मिळवून एका बोटीच्या शेडमध्ये आपला बँड उभा केला होता. लेपेका लाहेलाला घेऊन तिथे गेली. बाया तिथे जात नसत. ती गेली.

“तुमच्याकडे दुसरा हॉर्न नाही,” ती म्हणाली. “दादाला घ्या.”

“सही ती सही, वहिनी,” काहाले म्हणाला.

“भर चौकात राणीचं नाव त्याने घेतलं. त्यांच्या तोंडावर, एकट्याने. तुमच्यापैकी कुणी घेतलं?”

“आम्ही तुझ्याच सांगण्यावरून गप्प होतो.”

सोलोमोना पट्टी ओली करत होता, त्याने ती तोंडातून काढली.

“होतात,” लेपेका म्हणाली. “मी सांगितलं आणि मी चुकले. आता दुसरं सांगते, तेही ऐका. भूक लागली म्हणून त्याने सही केली नव्हती. तुम्ही सगळे ताठ राहिलात, मला अभिमान आहे. पण तो मोडला आणि मोडल्यावर उभा राहिला. ते तुमच्यापेक्षा सोपं होतं असं मला कुणीतरी समजावून सांगा.”

“हात वर करा,” पिलिपो म्हणाला. त्याने स्वतः केला. सोलोमोनाने केला. आणखी तिघांनी. पुरेसे नव्हते.

“ठीक आहे,” लेपेका म्हणाली. “तुमची गाणी पुन्हा उतरवून द्यायचीत ना? देईन. दुसऱ्या हॉर्नचा कागदही काढीन, त्यावर नुसतं त्याचं नाव घालीन, आणि तो तसाच कोरा स्टँडवर ठेवायचा. त्याशिवाय बाकीचे मिळणार नाहीत.”

काहाले रागावला, पण नोटेशन उतरवणारं दुसरं कुणी नव्हतं. कागद अजून तिथे आहे.

किमोटेओला हे ऐकून हसू आलं. तोवर त्याचं ठरलं होतं. “भेटून परत यायचं असेल त्याला पास लागतो,” तो म्हणाला. “आजाऱ्याच्या सेवेला कायमचा जातो म्हटलं की कुणी फारसं अडवत नाही.”

धक्क्यावर ती लाहेलाला घेऊन गेली. सोलोमोना म्हणाला होता, पोरीला नेऊ नकोस. तिथे रडारड चालली होती. वस्तीला जाणारी माणसं दोरीच्या पलीकडे, सोडायला आलेली अलीकडे.

“मी गायला हवं होतं, दादा.”

“हवं होतं. खालचा सूर मिळाला असता तर पट्टी उतरवली असती मी. केवढी वर धरली होती.”

तिने लाहेलाला दोरीवरून पुढे केलं. त्याने हात पाठीमागे नेले.

“वेडी आहेस का? मग रोज सकाळी तिची कातडी तपासत बसशील.”

“तपासेन. धर.”

त्याने धरली. लाहेलाने त्याची मिशी ओढली आणि ती सोडेना. शेवटी एकेक बोट उलगडावं लागलं. शिपाई ओरडत होता, तरी लेपेकाने घाई केली नाही. रोज सकाळी ती तपासते, अजूनही, आणि धरायला दिल्याचा पश्चात्ताप तिने एकदाही केलेला नाही.

ऑगस्टात त्याचं एक पत्र आलं. एसेता चालते-फिरते, घराला चांगली दगडी भिंत घातलीय, वारा फार. मजकूर त्याचाच वाटत होता, पण अक्षर दुसऱ्या कुणाचं होतं. हात दुखावलाय असं त्यात एक वाक्य होतं, कशाने ते नव्हतं. त्यानंतर लेपेकाने चार पत्रं पाठवली. उत्तर नाही. बोटीवरचा कारकून म्हणतो, पत्रं धुरी देऊन सोडतात, उशीर होतो. एवढा होत नाही.

म्हणून तिचं मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. तुमच्यातलं कुणी मोलोकाईच्या बोटीने जाणार असेल, कुणाचं माणूस तिकडे असेल, तर उतरू दिलं नाही तरी सामान घ्यायला होड्या येतात, त्यांवरची माणसं तिथलीच असतात. त्यांना विचारा. किमोटेओ, एसेताचा नवरा, उंच, डाव्या खांद्याने जरा झुकलेला. हाताला काय झालं, जेवतो का, गातो का, ते विचारा. आणि जे असेल ते तसंच लेपेकाला येऊन सांगा.