पाण्याची गाडी

"खालचा रंग कुठे आहे?" दीपिकाने विचारलं.

बाबलीला प्रश्नच कळला नाही. मुंबईच्या ट्रस्टकडून आलेली ही मुलगी गेला तासभर ट्रकच्या बॉनेटवर भिंग धरून वाकली होती आणि तो मांगराच्या, आपल्या कामाच्या शेडच्या, दारात नव्या नवरीच्या बापासारखा उभा होता. चार महिने त्याने ही गाडी पात्याने खरवडली होती, वायर ब्रशने घासली होती, पॉलिश पेपरने पुसली होती. पत्रा खाडीच्या ओहोटीच्या वाळूसारखा नितळ झाल्यावरच वर रेड ऑक्साइडचा, लाल अस्तराचा, एक हात दिला होता.

"खाली काय नाही, मॅडम," तो शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाला. "सगळा काढला. एक कण ठेवला नाही."

दीपिकाने भिंग मिटलं.

"काका, ते थर म्हणजे हिची कागदपत्रं होती."

तोंडवलीच्या खाडीकाठी बाबलीचा मांगर. चाळीस वर्षं त्याने होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. त्याआधी पंधरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली. गेल्या दिवाळीत मिठबावला एका आंबेवाल्याच्या बागेत पंप दुरुस्त करायला गेला, तेव्हा कलमांच्या सावलीत ही गाडी दिसली. लष्कराची पाण्याची गाडी. आंबेवाल्याच्या वडिलांनी कधीकाळी लिलावात घेतलेली, निळी रंगवलेली, कलमांना पाणी घालून घालून थकलेली. बाबलीने सहज नखाने निळा रंग खरवडला. खाली हिरवा निघाला. हिरव्यावर पांढरा आकडा निघाला, मग दुसरा. सहाही आकडे मोकळे झाले, तेव्हा त्याने ते बोटाने पुन्हा एकदा वाचले.

तो भिकाजीच्या गाडीचा नंबर होता.

भिकाजी त्याच्याच वाडीतला, त्याच्याच युनिटमध्ये ड्रायव्हर. एकाहत्तरच्या डिसेंबरात वाळवंटातल्या पुढच्या चौकीला पाणी देऊन परतताना गेला. गाडी वर्कशॉपमध्ये परत आली, भिकाजी आला नाही. त्याला तिकडेच अग्नी दिला. गाडीची केबिन बाबलीने धुतली. एकवीस वर्षांच्या हातांनी धुतली आणि गावी त्याच्या बायकोला, सुशीलावयनीला, कधी सांगितलं नाही की धुताना पाण्याचा रंग कसा होता. तिला तार मिळाली, पेन्शन मिळालं. डोकं टेकवायला जागा तेवढी मिळाली नाही.

म्हणून बाबली तिला शब्द देऊन बसला होता. तालुक्याच्या माजी सैनिकांनी शाळेच्या जुन्या इमारतीत संग्रहालय काढायचं ठरवलं होतं. गाडी तिथे उभी राहील, तिच्यापुढे भिकाजीच्या नावाची पाटी लागेल. आंबेवाल्याच्या मुलांनी गाडी मार्चअखेरपर्यंत दिली होती. पुढे ती विकत घ्यायची, नाहीतर भंगारात. विकत घ्यायला, इंजिन बसवायला, वर छप्पर घालायला ट्रस्टचे पैसे येणार होते. अट एकच: गाडीचा इतिहास खरा पाहिजे.

"नंबर होता ना इथे?" दीपिकाने विचारलं.

"होता. हे बघा, लिहून ठेवलाय." बाबलीने मांगराच्या दाराकडे बोट दाखवलं. फळीवर खडूने लिहिलेले सहा आकडे होते. "आता हिरवा रंग देऊन परत लिहिणार. झकास."

"पण जुना का काढलात?"

यावर काय सांगावं? या किनाऱ्यावर दरसाल होडी वर ओढतात आणि लाकडापर्यंत खरवडतात. नावही खरवडतात. आधी ते फळीवर उतरवून घ्यायचं, मग पातं चालवायचं, मग नव्या रंगावर नव्याने लिहायचं. जुन्या नावावर रंग चढवणारा आळशी, दर्याला न मानणारा. बाबलीने भिकाजीच्या नंबरावर पातं चालवलं ते असं, देवाची मूर्ती उजळावी तसं. मोबाइल खिशातच होता. फोटो काढायचं मनात आलं नाही. होडीच्या नावाचा फोटो कोण काढतो?

चॅसीवरचा नंबर गंजाने खाल्लेला होता. इंजिन आंबेवाल्याने बदललेलं. दीपिकाने सगळं तपासलं होतं, शेवटची आशा बॉनेटवर होती.

माजी सैनिकांच्या संघटनेचा सेक्रेटरी प्रीतम इतका वेळ मागे उभा होता. तो धावत जाऊन सुशीलावयनीकडून फोटो घेऊन आला. पाठोपाठ काठी टेकत ती स्वतःही आली. काळ्यापांढऱ्या फोटोत भिकाजी गाडीच्या बॉनेटला टेकून हसत होता. पहिले तीन आकडे स्वच्छ दिसत होते. पुढचे त्याच्या खांद्याआड.

दीपिकाने फोटो दारावरच्या खडूशी ताडून पाहिला. "पहिले तीन जुळतात. काका, हा फोटो तुम्ही आधी पाहिला होता?"

"पन्नास वर्षं बघतोय."

बोलून गेल्यावर बाबलीला कळलं की आपण काय बोललो.

"तुम्ही खोटं सांगताय असं मी म्हणत नाही," दीपिका हळूच म्हणाली. "पण कुणीही फोटो बघून कुठलाही नंबर लिहू शकेल. खांद्याआडचे आकडे त्या पत्र्यावर होते. तळहाताएवढा तुकडा जरी राहिला असता ना, तरी मी भांडले असते."

"ह्या प्रकारची गाडी, असा लिवल्यार नाय चलाचा?" प्रीतम शुद्ध बोलायचं विसरून गेला.

"त्या प्रकारच्या गाड्या बऱ्याच ठिकाणी आहेत, चालू स्थितीत. त्यासाठी ट्रस्ट पैसे देणार नाही."

जाताना ती सुशीलावयनीच्या पाया पडली. त्या मुलीची पाठ वळल्यावर वयनीने विचारलं, "काय म्हणता ता चेडू?"

प्रीतमने फोटो तिच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली चाळण घेऊन मांगरामागे बसला. चार महिन्यांची खरवड त्याने तिथेच वाळूत लोटली होती. तो वाळू चाळू लागला. निळ्या खपल्या, तपकिरी गंज, शिंपल्यांचा चुरा. हिरवी खपली दिसली की उचलायची, उलटायची, पांढरं आहे का बघायचं. उन्हाने डोळे पाणावत, तेव्हा वाळूच पांढरी दिसू लागे.

दुपारी सुशीलावयनी आली. काठी बाजूला ठेवून समोर बसली आणि तांदळातले खडे वेचावेत तशी खपल्या वेचू लागली.

"वयनी, तू कशाक बसलंस उन्हात?"

"तू कशाक बसलंस?"

"माझ्या हातान झाला ह्या. माझो हात मोडलो असतो तर बरा झाला असता."

"गप रे. हात मोडलो तर त्या होडयेवाल्यांची इंजना कोण करतलो? तुझो बापूस?" ती खपली डोळ्यांजवळ नेत म्हणाली. "ह्या पांढरा आसा काय रे? माका आता दिसणा नाय."

"शिंपल्याचो तुकडो आसा तो."

तीन दिवस दोघं बसली. अकरा खपल्या मिळाल्या, हिरव्यावर पांढऱ्या. सगळ्यात मोठी करंगळीच्या नखाएवढी. बाबलीने त्या ताटात मांडल्या, फिरवल्या, जुळवल्या. चाराचा कोपरा असेल, एकाची शेंडी असेल, नुसता शिंतोडाही असेल. त्याने प्रीतमकडून फोटो काढून घेऊन दीपिकाला पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं, प्रीतमने वाचून दाखवलं: काका, मी वरिष्ठांना दाखवलं. नाही होणार. मला माफ करा.

महिना संपायला दोन दिवस असताना प्रीतम पुन्हा आला. दारातूनच बोलू लागला, नजर न देता.

"काका, तारकर्लेचो विनीत गाडी घेता. रिसॉर्टच्या म्होरल्यान ठेवतलो. भंगारात जाण्यापरास बरी ना?"

"काय करतलो तेचा?"

"मातयेचे नि हिरवे पट्टे मारतलो. वर तोफ."

"पाण्याच्या गाडयेर तोफ?"

"पायपाची रे काका, खोटी. लोकांका फोटो काढूक." प्रीतमने घसा साफ केला. "रंगकाम तुमीच करा म्हणता. नंबर खंयचोय घाला, फक्त शेवटाक एकाहत्तर व्हया."

बाबलीने गाडीकडे पाहिलं. या गाडीने कधी गोळी झाडली नव्हती. तहानलेल्यांना पाणी दिलं होतं, आधी माणसांना, मग कलमांना.

"तेका सांग," तो म्हणाला, "बाबलीक आकडे लिवूक येनत नाय."

शेवटच्या दिवशी सकाळी क्रेन आली. वाडीतली पोरं जमली, कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. गाडी उचलायच्या आधी सुशीलावयनी गर्दीतून पुढे आली. क्रेनवाल्याने भोंगा वाजवला. ती थांबली नाही.

"बाबल्या, नंबर खंय होतो?"

बाबलीने तिचा हात धरला आणि बॉनेटच्या बाजूला टेकवला. "हंय सुरवात. हंयसून हंय पावत." शेवटच्या तीन आकड्यांवरून त्याने तिचा तळवा सावकाश नेला. "हंय टेकलेलो तो. फोटोत."

खाडीवरची धूळ पत्र्यावर बसली होती. तिने पदराचं टोक तोंडाशी नेऊन ओलं केलं आणि तेवढीच जागा पुसली, शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसावं तशी. मग बाजूला झाली.

गाडी वर गेली. एक क्षण माडांच्या शेंड्यांपाशी लाल होऊन तरंगली, ट्रेलरवर बसली आणि तारकर्लीच्या वाटेला लागली. पोरं मागे धावली. मांगराच्या दारावर सहा आकडे होते आणि ते लिहायला पत्रा उरला नव्हता.

प्रीतमचं लक्ष वयनीच्या पदराकडे गेलं. पांढऱ्या लुगड्याच्या टोकाला रेड ऑक्साइड उतरला होता.

"वयनी, पदर बघ. आताच धुवन टाक, मागीर जावचो नाय तो."

सुशीलाने पदर उचलून पाहिला. त्रेपन्न वर्षांत त्या अंगावर लाल रंग आला नव्हता.

"रवांदे," ती म्हणाली आणि ते टोक मुठीत धरून घराकडे चालू लागली.