नव्या जोडणीचा अर्ज

त्या चौकोनात ठिपके किती असतील—सुनेत्राने पत्रक खिडकीशी धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोजायचा नाद सोडून दिला. सकाळी कुणीतरी दाराखालून सरकवलेला कागद. त्यावर टपालाच्या तिकिटाएवढा काळापांढरा चौकोन आणि खाली हिंदीत लिहिलेलं—स्कॅन करा, घरबसल्या ब्रॉडबँड मिळवा. तिच्याकडे बटणांचा फोन. अशीच काळी भोकं, ओळीने, तिच्यासमोर पंधरा वर्षं होती, ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर. पण त्यातलं प्रत्येक भोक तिच्या ओळखीचं होतं. हे आग्रा, हे नागपूर, आणि वरच्या ओळीत डावीकडे पुणे... हा चौकोन मात्र तिच्याशी काहीच बोलत नव्हता.

घ्यायला तर हवंच होतं. गेल्या रविवारी पुण्याहून अवनीचा फोन आला. नऊ वर्षांची नात, भरभर बोलणारी. ती काहीतरी सांगत होती आणि सुनेत्रा नेहमीसारखी आवाजाच्या चढउतारावरून अंदाज बांधत होती—शाळा असेल, नाच असेल—आणि योग्य वाटलं तिथे म्हणाली, "अरे वा! छान गं!" मग सुयशचा आवाज, मोठा, चिडलेला: "आई, तिचा हात मोडलाय. तुझं लक्ष कुठे असतं?"

लक्ष. सगळं लक्ष त्या फोनच्या छिद्रांतच तर होतं. पण ऐकू येत नाही असं कसं सांगणार? ज्या बाईने एकदा ऐकलेला नंबर दुसऱ्यांदा विचारला नाही, कॉलचा तपशील लिहायच्या जिच्या तिकिटावर कधी खाडाखोड नव्हती... तिने थकल्याचं निमित्त केलं. मग सूनबाई, सुखदा, म्हणाली, "आई, नेट घ्याच आता. टॅब आम्ही पाठवतो, व्हिडिओवर बोलू." तेव्हा सुनेत्राच्या मनात आलं, चेहरा दिसेल. ओठ दिसतील. म्हणजे कुणाला काही सांगावं लागणार नाही.

मार्केटमधल्या कंपनीच्या दुकानात निळा शर्ट घातलेला माणूस फोनमधून मान वर न करता म्हणाला, "ऐप से हो जाएगा, मैडम."

"नेट लगवाने के लिए पहले नेट चाहिए?"

"किसी का हॉटस्पॉट ले लीजिए."

कुणाचा घेणार? शेजारचे कुलूप लावून गुरुग्रामला मुलाकडे गेलेले. म्हणून ती फ्लॅट्सच्या मागच्या फाटकातून दिल्लीतल्या जुन्या मुनिरका गावात उतरली. डोक्यावर तारांचं जाळं, दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्या, विद्यार्थ्यांचे वाळत घातलेले कपडे. तिथे नीरजचं दुकान होतं. पूर्वी त्याच्या वडिलांचा पीसीओ. मग सायबर कॅफे झाला, आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. पाटीवरच्या पिवळ्या रंगाखालून 'एसटीडी' अजून पुसट दिसत होतं. ते दिसलं की तिला बरं वाटायचं.

नीरज पन्नाशीचा. त्याने खुर्ची पुसून दिली, आधार कार्ड घेतलं आणि टाइप करू लागला. नाव. पत्ता. मजला.

"मोबाइल नंबर बोलिए, आंटी जी."

तिने सांगितला, दोन-दोन आकडे जोडीने, मध्ये नेमका श्वास घेऊन. त्या पद्धतीने सांगताना तिला संध्याकाळची पाळी आठवली, कानावरचा घट्ट हेडसेट, केसांत रुतणारी त्याची पट्टी. "पूना, दिल्ली बोलतेय." आणि पलीकडून पुण्याच्या ऑपरेटरचा तो आवाज—"बोला, दिल्ली." बाबा फौजेत, तिचं सगळं शिक्षण दिल्ली कॅन्टात; एकदा ती म्हणाली, "पार्टी लाइनवर आहे, बात करा," आणि पूना हसला. "बात करा नाही हो दिल्ली, बोला म्हणा." दोन वर्षं तिचं मराठी तो ट्रंक लाइनवरून दुरुस्त करत होता. चेहरा नंतर पाहिला. मी आवाजाशी लग्न केलं, असं ती मैत्रिणींना सांगायची. लग्नानंतर सुधाकर बदली घेऊन इथे आला तरी तिला 'दिल्ली'च म्हणत राहिला, शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. त्यालाही चार वर्षं झाली.

"ओटीपी आया?"

फोनवर लखोट्याची खूण उघडमीट करत होती. नीरजने फोन हातात घेतला. "इनबॉक्स फुल है. दो-चार मैसेज उडा दूँ?"

"नको!" ती मराठीतच ओरडली.

त्याने दचकून फोन काउंटरवर ठेवला. पडद्यावर ओळी होत्या: दूध घेतलं. खाली जाऊन येतो. चहा टाकलाय. सगळे सुधाकरचे. नीरजला मराठी येत नव्हतं, पण 'दूध' आणि 'चहा' त्याला कळलं असावं.

"अंकल जी के हैं? घर में से ही मैसेज करते थे?"

"हाँ. शौक था उनको," ती म्हणाली.

"चलो, कोई बात नहीं. कॉल वाला ऑप्शन है. मशीन नंबर बोलेगी."

फोन वाजला. तिने कानाला लावला, डावीकडे. उजव्यापेक्षा तो बरा. मशीनमधली बाई आकडे बोलू लागली. आ... आ... ई... सात आणि आठ, दोन्हींचा नुसता 'आ' उरला होता. कडा कुणीतरी कापून नेल्यासारखे आकडे.

"झेरॉक्स की आवाज़ है," ती म्हणाली. नीरजने झेरॉक्स बंद केलं. पुन्हा कॉल. पुन्हा आ... आ... ई.

"अब एक ही बार मिलेगा, आंटी जी. फिर कल."

बंद झेरॉक्सपाशी ती बसून राहिली. सुधाकरचा शौक... त्याला कसला आलाय शौक? त्याला मेसेज टाइप करायला दहा मिनिटं लागायची, अंगठा जाड, दर शब्दाला चुकायचा. ज्याचं आयुष्य बोलण्यात गेलं तो माणूस शेजारच्या खोलीतून 'चहा टाकलाय' लिहून पाठवतो... आणि तिला आठवलं, शेवटच्या दोन वर्षांत तो काही सांगायचं असलं की उठून समोर येऊन उभा राहायचा. कणीक मळताना, पेपर वाचताना. "असे समोर येऊन काय बोलता, तिथूनच बोला की," असं ती कितीदा करवादली होती. तो नुसता हसायचा. आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, ती बघतेय याची खात्री करायचा, मगच बोलायचा.

त्याला कळलं होतं. माझ्याआधी.

फोन तिसऱ्यांदा वाजला. पूर्वी लाइन खराब असली की ती दिवसातून शंभरदा म्हणायची, 'ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला'. तेव्हा दोष तारेचा असायचा, म्हणताना काही वाटायचं नाही. तिने फोन कानाकडे नेला आणि मध्येच थांबली.

"नीरज, मुझे सुनाई नहीं देता," ती म्हणाली, आणि फोन त्याच्यासमोर धरला.

"तो पहले बोलना था ना," इतकंच म्हणून त्याने तो घेतला, खांदा आणि कान यांच्यात धरला आणि सहा आकडे टाइप केले. मग तिच्याकडे वळून, बऱ्याच मोठ्याने, "हो गया! तीन-चार दिन में आदमी आएगा! फोन करके आएगा!"

"फोन करके?"

"मेरा नंबर डाल दिया है, आंटी जी."

बाहेर गल्लीत ऊन कलतं होतं. कुणाची तरी स्कूटर मागून अगदी जवळ येऊन थांबली होती, बहुधा बराच वेळ हॉर्न वाजवत. चालवणारी मुलगी वैतागून हातवारे करत होती. सुनेत्रा भिंतीला लागून बाजूला झाली, पण नेहमीसारखं 'आता ऐकला हं' असं हसली नाही.

दोन वर्षं. दोन वर्षं सगळं ठाऊक असून वावरलात घरात, आणि एका शब्दाने म्हणाला नाहीत. माझा मान राखायला? की मी रडेन म्हणून? आणि मी इथे एकटी, नातीचा हात मोडल्यावर छान छान म्हणत... सांगायचं होतंत! राग अचानक आला, अगदी जिवंत. गेली चार वर्षं ती त्याच्याबद्दल सगळ्यांशी हळवं, चांगलंच बोलत आली होती, फोटोतल्या माणसाबद्दल बोलावं तसं. भांडण असं उरलंच नव्हतं. आता ती घराकडे चालताना मनात वाक्यं जुळवत होती, एकाला दुसरं, त्याचं उत्तर, त्यावर आपलं उत्तर, आणि तिची पावलं भराभर पडत होती, जणू तो पुढच्याच वळणावर चालला होता आणि त्याला गाठून आधी हे बोलून घ्यायचं होतं—समोर उभं राहून.