कुंकवाचं बोट लागलेला दाखला

मी राहीचा दाखला बोलतोय. कॉलेज सोडल्याचा, मूळ, गोल शिक्क्यासकट. 'मूळ' हा शब्द नीट वाचा. माझ्या झेरॉक्स गावभर फिरतात, त्या काय सांगतात त्याला मी जबाबदार नाही. आणि मला हातात घेण्याआधी तुमचे हात कोरडे आहेत ना, तेही बघा. रागावू नका, माझा स्वभावच संशयी आहे. ज्या घरात राहिलो तिथलं वळण लागणारच.

माझा जन्म रेवदंड्याजवळच्या एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात झाला. बारावी पास झालेल्या सगळ्या मुलांचे दाखले कारकुनाने एका बैठकीत भरून काढले. 'वर्तणूक' या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द लिहिला, चांगली. बाई फळ्याकडे वळल्या की जी मुलगी खिडकीतून बाहेर, तिचीही चांगली. ती मुलगी म्हणजे आमची राहीच. कागदावर लिहिलं म्हणून ते खरं असेलच असं नाही, हे मला तेव्हाच कळलं. मी स्वतः कागद असून सांगतोय.

राहीने मला घरी आणलं तेव्हा तिची आजी मनुबाई बाजारातून सुकट विकून नुकतीच आली होती. ह्या घरात नवं काही आलं की देवापुढे ठेवून त्याला कुंकू लावायचं. रिक्षा आली तिला लावलं, मोबाइल आला त्यालाही लावलं. आजीने हात धुतले, ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या डाव्या कोपऱ्यात टेकवलं. राही ओरडली, पण बोट टेकून झालं होतं. मला मात्र तो ठसा आवडला. माझ्या अंगावर कोणी मायेने लावलेलं तेवढंच होतं.

मग मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलो. तिथे रेशन कार्ड होतं, रिक्षाचं परमिट होतं, राहीच्या लशींचं कार्डही होतं. नव्हता तो राहीच्या बाबांचा, दिनानाथचा दाखला. त्याची गोष्ट मला परमिटने सांगितली. दिनानाथ दहावी झाल्यावर एका कारखान्यात कंत्राटदाराकडे लागला होता. कंत्राटदाराने मूळ दाखला ठेवून घेतला, वर्षाने देतो म्हणाला. वर्षाने कंत्राटदार बदलला. नवा म्हणे जुन्याला विचार, कारखाना म्हणे आम्हाला काय माहीत. दिनानाथला आयटीआयला जायचं होतं. दुसऱ्या प्रतीसाठी शाळा आणि पोलीस ठाणं यांच्यामध्ये हेलपाटे घालता घालता प्रवेशाची तारीख गेली. तेव्हापासून हा माणूस दुसऱ्याने बांधलेली गाठसुद्धा स्वतः ओढून बघतो. रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवतो आणि भाड्याची नोट दिली की ती उजेडात धरतो.

अशा घरात राहीने अर्ज भरला. पेणच्या पलीकडे गगनझुला नावाचं पाळण्यांचं मोठं पार्क आहे. त्यांची 'शिका आणि कमवा' म्हणून विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची योजना निघाली होती. दिवसा पाळण्यांवर काम, संध्याकाळी यंत्रांच्या देखभालीचा वर्ग, राहायला वसतिगृह, हातात पगार. लहानपणी जत्रेत बाकीची पोरं आकाशपाळण्यात बसायची, तेव्हा राही खाली इंजिनापाशी उभी राहून तो चालवणाऱ्याचे हात बघायची. तिला ते काम हवंच होतं. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: मूळ दाखला सोबत आणावा.

दिनानाथने ती ओळ तीनदा वाचली. कशाला आणावा, ते लिहिलेलं नव्हतं. अलिबागच्या कॉलेजातही प्रवेश चालू होते आणि शेवटची तारीख पार्कच्या मुलाखतीनंतर जेमतेम दोन आठवड्यांवर होती. तिथेही मूळ दाखलाच लागणार. म्हणजे मी एकच आणि दारं दोन. पार्कवाल्यांनी मला अडकवलं आणि काम लबाडीचं निघालं, तर राहीचं वर्ष गेलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दिनानाथने मला डब्यातून काढलं आणि राहीला न सांगता अलिबागला नेलं. तिथे माझी कलर झेरॉक्स काढली. दुकानदाराने यंत्राचं झाकण उघडलं आणि ती बाहेर आली. हुबेहूब मी. शिक्का तसाच, सही तशीच, कोपऱ्यात कुंकूही तसंच. मला तिचा चेहरा पहिल्यापासून पटला नाही. पण राहीच्या फायलीत ती गेली आणि मी दिनानाथच्या खाकी शर्टात, बनियनच्या वर.

मुलाखत अलिबागच्या एका सभागृहात होती. पालकांना मागच्या बाकांवर बसायची परवानगी होती. टेबलामागे दोघं होते. पाळण्यांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सुचिता मॅडम आणि पार्कच्या ऑफिसातला साहिल. साहिलच्या पायाशी एक निळा प्लास्टिकचा क्रेट होता. मुलाखत झाली की प्रत्येकाचा दाखला त्यात जात होता. कोणी पोच मागत नव्हतं, तोही देत नव्हता. दिनानाथचा श्वास मला अंगावर लागत होता, तो भराभर चालला होता.

राहीची पाळी आली. सुचिता मॅडमनी विचारलं, एक गृहस्थ मुलाला घेऊन आलेत, मुलगा उंचीच्या पट्टीपेक्षा दोन बोटं कमी आहे, ते म्हणतात मागच्या खेपेला बसला होता, तू काय करशील? राही म्हणाली, पुन्हा मोजीन आणि कमी भरला तर नाही बसवणार. ते भांडले तर, मॅडमनी विचारलं. भांडू देत, राही म्हणाली.

मॅडम हसल्या. "बरोबर. कोणाच्या शब्दावर जायचं नाही. बसलेल्याच्या मांडीवरचा दांडा लागला असं दिसलं तरी दोनदा ओढून बघायचा. तुझं हेच काम."

मग त्यांनी दाखला मागितला. राहीने विश्वासाने ती झेरॉक्स पुढे केली. मॅडमनी सवयीने कोपऱ्यातल्या कुंकवावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फिरवला.

"आमच्या घरीही आई कागदाला कुंकू लावते," त्या म्हणाल्या. "ते बोटाला लागतं. हे लागत नाही. मूळ कुठंय?"

राहीचा चेहरा पडला. तिने फाईल उलटीपालटी केली. साहिलने पेन खाली ठेवलं आणि खोट्या कागदाचा अर्ज बाद होतो, असं शांतपणे सांगितलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मला शर्टात ओरडावंसं वाटत होतं, पण आमच्यासारख्यांना आवाज नसतो, शिक्का असतो.

दिनानाथ उठला. टेबलापाशी जाऊन त्याने बटणं काढली आणि मला बाहेर ओढलं. मी त्याच्या घामाने ओलसर झालो होतो.

"पोरीला ठाव न्हाय. मीच बदलला," तो म्हणाला. "माझा कागद असाच एकाने ठेवला, तो अजून यायचाय. हा बघायचा असेल तर बघा. ठेवायला न्हाय देणार."

मॅडमनी माझ्या कुंकवावर अंगठा टेकवला. तो लाल झाला.

साहिल म्हणाला, दाखले वर्षभर ऑफिसातच राहतात, नाहीतर मुलं मधेच काम सोडून जातात. इतक्या सरळपणे म्हणाला की मागच्या बाकांवरचे पालक त्या क्रेटकडे बघू लागले. माझा संशय खरा ठरला होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही. कारण राही माझ्याकडे बघत होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो पाळणा. तिने डोळे पुसले आणि मॅडमकडे वळली.

"मॅडम, तुम्ही आत्ताच म्हणालात, दांडा दोनदा ओढून बघायचा. माझ्या बाबांनी तेच केलं. मला हे काम पाहिजे. पण दाखला मी ठेवून जाणार नाही."

मॅडमनी झेरॉक्स घेतली, तिच्यावर 'मूळ प्रत पाहून परत दिली' असं लिहून सही केली आणि मला राहीच्या हातात दिलं, दिनानाथच्या नाही. साहिल म्हणाला, तुमच्या जबाबदारीवर. त्या म्हणाल्या, माझ्याच. तेवढ्यात हरिहरेश्वरहून मुलाला घेऊन आलेली एक बाई उठली आणि क्रेटमधला आपला कागद मागू लागली. तिच्यामागे आणखी चौघं उभे राहिले.

पुढे अकरा दिवस निरोप नाही. दिनानाथ म्हणे, बाद केलं असणार, कॉलेजात भरून टाक. राही म्हणे, आणखी एक दिवस. कॉलेजच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी फोन आला. निवड झाली होती. पत्र हातात पडेपर्यंत दिनानाथने पेढे आणले नाहीत.

राही गेली आणि मी डब्यात परतलो. दिवाळीनंतर तिच्या वर्गाच्या परीक्षेसाठी मूळ दाखला दाखवायचा होता. कुरिअरवर आमच्या घरात कोणाचा विश्वास नाही, म्हणून दिनानाथ मनुबाईला घेऊन स्वतः पार्कात आला. मी पुन्हा शर्टात. ऑफिसात मला पाहिलं आणि लगेच परत दिलं. मग राहीने दोघांना आपल्या पाळण्याकडे नेलं. मनुबाई खाली बाकावरच बसली, आणि बसायला जाता जाता तिने यंत्राच्या पेटीला कुंकू लावलेलं मी पाहिलं.

तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या मुलांचे कागद दाखवा, पण ठेवून जाऊ नका. ठेवावेच लागले तर पोच घ्या. आणि मुलांना न सांगता काही बदलू नका, ते राहीला आणि मलाही महागात पडलं असतं.

दिनानाथ पाळण्यात बसला. राहीने त्याच्या मांडीवर दांडा आणला, खटका वाजला. तिने एकदा ओढून पाहिला, दुसऱ्यांदा ओढून पाहिला आणि पुढच्या माणसाकडे गेली. दिनानाथचा उजवा हात सवयीने उचलला गेला. शर्टातून मला ते जाणवलं. आता हा तिसऱ्यांदा ओढणार, असं मला वाटलं. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो पुन्हा मांडीवर ठेवला, आणि पाळणा वर निघाला.