आशेच्या रविवारची दाढी

दिवसभर लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या बाईला घरी येऊन आणखी एक चादर दिसली की ती तोंड फिरवते, यात नवल नाही. परक्यांचे डाग निदान परके असतात. घरच्या चादरीवर तिचे बाबा होते, अंथरुणाला खिळलेले. घामाचा, मलमाचा आणि नासक्या दुधाचा वास धरून.

नाताळाआधीचे चार रविवार आले की मात्र आईच्या वेळची रीत पाळावीच लागे. ताटलीत चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची आणि येणाऱ्यासाठी घरातलं काहीतरी लख्ख करायचं. येणारा म्हणजे प्रभू, असं आई सांगायची. आई गेली आणि बाबांच्या लेखी येणारा म्हणजे दादा झाला. तो दरवर्षी फोनवर 'यंदा नक्की' म्हणायचा आणि आयत्या वेळी शेपूट घालायचा.

आज पहिला रविवार, चर्चमध्ये त्याला आशेचा म्हणतात. पाळकसाहेब प्रवचनात आशेवर इतकं गोड बोलले की तिच्या टाळूला पाक चिकटल्यासारखं झालं. बाहेर पडते न पडते तोच दादाचा फोन. यंदाही जमत नाही, बाबांना तूच सांग, तुला बरं सांगता येतं. म्हणजे गोड बोलायला हा आणि घाण काढायला बहीण.

घरी तिने मेणबत्ती लावली. बाबांनी लगेच हनुवटी वर केली. दाढी कर, चादर बदल, खिडकी उघड, तो येईल. तिने फेस केला. गालाच्या घड्यांत कालचं दूध वाळून बसलं होतं. नाक मुरडत तिने रेझर फिरवला आणि गळ्यापाशी आल्यावर तिला राहवेना.

"बाबा, दादा येत नाहीये."

बाबा हलले नाहीत. "ठाऊक आहे. तो कधी आलाय?"

"मग दरवर्षी ही नाटकं कशाला?"

"तो येणार म्हटलं की तू चादर बदलतेस. एरवी तुला माझी किळस येते."

'छे, काहीतरीच' म्हणायला तिने तोंड उघडलं. तोंडात वास शिरला. तिने ते मिटलं.

"येते," ती म्हणाली.

"मलाही येते. कानामागे राहिलंय बघ."

कानामागे खरंच दूध राहिलं होतं. तिने ते काढलं, दादाला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि चादर ओढून काढली.

बुधवारी ती लाँड्रीतून आली ती अंगाला साबणाचा वास घेऊनच. कुठलीही मेणबत्ती लावायची नव्हती. तिने नाकाला रुमाल बांधला, पाणी गरम केलं आणि वाटी घेऊन पलंगाशी बसली. बाबांनी संशयाने पाहिलं.

"आज कोण येणार?"

"कुणी नाही," ती रुमालातून म्हणाली. "हनुवटी वर करा."