सरांची डुलकी

घरात तिला सगळे शहाणी म्हणत. हे कौतुक नव्हतं, ही नेमणूक होती. दादा रागीट, म्हणून त्याला काही सांगायचं नाही. आई हळवी, म्हणून तिला काही विचारायचं नाही. बाबा आजारी, म्हणून त्यांच्यापुढे काही बोलायचं नाही. उरली ही. मग आईने बाबांची गाऱ्हाणी हिच्याकडे घालायची, बाबांनी आईची, आणि आत्याने फोन करून दोघांची. ही गप्प बसून ऐकायची, कारण मध्ये बोलायला फटच सापडायची नाही. पदवी हातात पडली, पुढे काय असा प्रश्न आला, तेव्हा आईनेच जाहीर करून टाकलं, "हिला लोकांचं ऐकून घ्यायची भारी आवड आहे."

खरंच आहे का, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही. समुपदेशन शिकवणाऱ्या, परगावच्या एका संस्थेत तिचं नाव घातलं गेलं.

पहिल्या दिवशी संचालिकाबाईंनी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि प्रत्येकाला इथे का आलात ते विचारलं. एकाला समाजाचं देणं फेडायचं होतं. समाजाकडून नेमकं काय उचललं होतं, ते त्याने सांगितलं नाही. एकीला आतून हाक आली होती. आधी विम्याचं काम करणाऱ्या एका गृहस्थांना माणसं वाचायची होती. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, "घरचे म्हणाले, जा."

बाईंनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "किती खरं."

तेव्हापासून ती वर्गातली सर्वांत प्रामाणिक मुलगी ठरली.

संस्थेत आवाज चढवायला बंदी नव्हती, पण कुणी चढवत नसे. सगळे कापसात गुंडाळल्यासारखे बोलत. विद्यार्थ्यांनाही तो आवाज लवकरच लागला. कॅन्टीनवाल्याने "दूध संपलंय" म्हटलं, की चहासाठी उभी असलेली मंडळी मान तिरकी करून विचारत, "हे सांगताना तुम्हाला काय वाटतंय?" त्याला काय वाटत होतं ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, पण चेहऱ्यांचा पाठ पुढच्या सत्रात होता.

संस्थेचा एक नियम होता. दुसऱ्यांची मनं हाताळायची तर आधी स्वतःचं मन कुणापुढे तरी मोकळं केलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा एका अनुभवी समुपदेशकासमोर बसावं लागे. तिच्या वाट्याला सर आले. सर म्हणजे संस्थेतले सगळ्यांत ज्येष्ठ. दर्शनी भिंतीवर त्यांचा हसरा फोटो होता आणि येणारेजाणारे त्याच्यापुढे आपोआप हळू चालत. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, मध्ये छोट्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा, जड पडदे आणि कुरकुरणारा पंखा. दुपारी जेवणानंतरची वेळ ठरली.

पहिल्यांदा सरांनी तिचं नाव, गाव, घरची माणसं विचारली. दुसऱ्यांदा ती थोडी धीट झाली आणि बाबांच्या आजारपणाकडे वळली. ती इथे येण्याआधीच बाबा दवाखान्यात वारले होते; ते दादाला जपून सांगायचं होतं, आईला त्याहून जपून, आणि ते सगळं तिनेच केलं होतं. इथपर्यंत ती पोचली आणि सरांची हनुवटी छातीला टेकली.

तिला वाटलं, ही पद्धत असेल. समुपदेशनात मौनाला फार किंमत असते, असं त्याच आठवड्यात शिकवलं होतं. तीही मौन धरून बसली. मग सर घोरले.

आता दुसरी कुणी असती तर खाकरली असती, खुर्ची सरकवली असती. हिने काय करावं? हिने आवाज खाली आणला. सरांची झोप मोडू नये म्हणून स्वतःच्या बापाच्या मरणाची हकीकत ती कुजबुजत सांगू लागली. वेळ संपायच्या सुमाराला सर आपोआप जागे झाले, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज बरेच खोल गेलो आपण."

"हो सर," ती म्हणाली.

मग हे दर आठवड्याचंच झालं. तिने पंख्याचा वेग कमी केला, कारण सरांच्या मानेला वारा लागत होता. पडदे ओढून घेतले. तिने विमेवाल्या गृहस्थांजवळ विषय काढला, तर ते म्हणाले, "माझ्या वेळी तर सर टक्क जागे असतात. तुझं जरा रटाळ होत असेल बघ." हे तिने मनाला लावून घेतलं आणि आपली दुःखं थोडी चटकदार करून सांगायचा प्रयत्न केला. आत्याला दोन वाक्यं जास्तीची दिली, दादाचा राग जरा फुगवला. सर तरी झोपलेच.

घरी फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "म्हातारं माणूस आहे. झोपू दे बिचाऱ्याला. तुझं काय जातंय?"

त्याच सुमाराला सरावासाठी तिच्याकडे माणसं पाठवायला सुरुवात झाली होती. पहिली आली ती एक शिकवणीवाली बाई. तिची धाकटी बहीण थोडे दिवस म्हणून राहायला आली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. न्हाणीघरातला ओला टॉवेल, फ्रिजमधलं संपवलेलं दही, मुलांच्या शिकवणीच्या वेळी लावलेला टीव्ही; बाई दर खेपेला हेच सांगायची, त्याच क्रमाने. ही मान डोलवायची, "तुम्हाला त्रास होतोय" म्हणायची. एके दिवशी बाई पर्स उचलताना खूश होऊन म्हणाली, "तुमच्याकडे आलं की बरं वाटतं हं. तुम्ही काही बोलतच नाही. आमच्या घरी काचेच्या भांड्यात मासा आहे, तो पण असाच बघत बसतो."

संचालिकाबाईंनी हे ऐकून तिची पाठ थोपटली. त्यांच्या मते ही मोठी पावती होती.

पण ती त्या पावतीवर रात्रभर तळमळली. दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेली, बसली, बोलू लागली. थोड्या वेळाने सरांची मान कलली. तिचा आवाज सवयीने खाली गेला, आणि तो खाली जाताना या वेळी तिला स्वतःला ऐकू आला. ज्याचं कामच ऐकायचं आहे, त्याला त्रास नको म्हणून आपण कुजबुजतोय.

"सर, उठा," ती म्हणाली. सर हलले नाहीत. तिने रुमालांचा डबा उचलला आणि दाणकन टेबलावर आपटला.

सर दचकून ताठ बसले. "ऐकतोय मी."

"मी काय सांगत होते?"

"आईबद्दल." सरांनी अंदाज केला. हा अंदाज बहुतेक माणसांच्या बाबतीत बरोबर येतो.

"तुमच्या पडद्यांबद्दल सांगत होते. धुवायला झालेत."

मग सरांचा अनुभव कामाला आला. कापसातल्या आवाजात ते म्हणाले, "तुम्हाला राग आलाय. चांगली गोष्ट आहे. हा राग कुणावरचा आहे?"

"तुमच्यावरचा."

"मुळात कुणावरचा?"

"मुळातही तुमच्यावरचाच. तुमच्याआधी माझ्यासमोर कुणी घोरलं नव्हतं."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा भिंतीवरच्या फोटोपेक्षा बराच लहान दिसू लागला. "घरी झोप लागत नाही," ते साध्या आवाजात म्हणाले. "बायको गेल्यापासून डोळा मिटत नाही. इथे येऊन बसलं, कुणी बोलायला लागलं, की लागते. तुमचा आवाज तर फारच..." ते थांबले. "बाईंना सांगू नका. या वयात कुठे जाऊ मी? खरं सांगायचं तर माझंही ऐकायला कुणी..."

आणि तिचा चेहरा आपोआप तसा व्हायला लागला. मान तिरकी, भुवया मऊ. आईपुढे व्हायचा तसा, आत्यापुढे व्हायचा तसा. सरांचं दुःख खरं होतं, त्यात शंका नव्हती. तिला त्यांची कीवही आली. पण ती उठून उभी राहिली.

"सर, हा माझा तास आहे."

"हो, पण..."

"तुमचं कुणीतरी ऐकलं पाहिजे. मी नाही. बाईंना मी सांगणार आहे. आज मात्र तुम्ही जागे राहा."

तिने पडदे सरकवले. खोलीत ऊन आलं. मग ती बसली आणि बाबांची हकीकत पहिल्यापासून, मोठ्या आवाजात, चटकदार न करता सांगितली. सर पापणीही न लववता ऐकत राहिले. भीतीने का होईना, पण ऐकत राहिले. दादाला कसं सांगितलं, आईला कसं सांगितलं, आत्याला फोन कुणी केला. शेवटी सरांनी एवढंच विचारलं, "आणि तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "मी खाट रिकामी बघितली."

आणि ती रडली. रुमालांचा डबा आपटून फाटला होता, सरांनी आपला स्वतःचा रुमाल पुढे केला.

ठरल्याप्रमाणे तिने बाईंना सांगितलं. बाईंनी आधी तिला स्वतःच्या अपेक्षा तपासून पाहायला सांगितलं. मग सरांचा भव्य सत्कार झाला, त्यांना निवृत्त करण्यात आलं, आणि भिंतीवरचा फोटो काढून त्याहून मोठा लावण्यात आला. विमेवाल्या गृहस्थांनी सत्काराचं भाषण केलं. सरांचं मौन आपल्याला फार शिकवून गेलं, असं ते म्हणाले. हिचं प्रमाणपत्र लांबलं, कारण आता नव्या माणसासमोर पहिल्यापासून बसावं लागणार होतं. सर्वांत प्रामाणिक ही पदवी दुसऱ्या मुलीकडे गेली.

घरीही फरक पडला. आईने दादाच्या बायकोची तक्रार घेऊन फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी जेवतेय. आणि हे वहिनीशीच बोल." आईने ते बोलणं वहिनीशी केलं नाही, पण शिकून मुलगी बिघडली, हे आत्याला लगेच कळवलं.

तिला वाटलं होतं, आता हे कामच सोडून द्यावं. कुणाच्या सांगण्यावरून आलो, कुणाला न विचारता जावं. संस्था सोडायचा विचार डोक्यात घेऊनच ती त्या आठवड्यात शिकवणीवालीसमोर बसली. बाई ओल्या टॉवेलावरून दह्यावर आली आणि टीव्हीकडे निघाली.

"थांबा," ती म्हणाली. "हे मला पाठ झालंय. तुम्हाला बहिणीने जायला हवंय की नकोय?"

बाईचं तोंड उघडंच राहिलं. "असं कसं विचारता तुम्ही? माझी सख्खी बहीण आहे ती."

"म्हणूनच विचारतेय."

बाई तणतणत उठली. मी इथे मन हलकं करायला येते, उलटतपासणीला नाही, असं दारातल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली आणि निघून गेली. संस्थेत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

ही खुर्चीत बसून राहिली. वाईट वाटेल म्हणून वाट बघत होती, पण वाटत होतं ते वेगळंच. तो प्रश्न तिला खरोखरच पडला होता. त्या बाईचं पुढे काय होतं, ते तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आजवर इतकं ऐकलं, पण असं कधी झालं नव्हतं. संस्था तिने सोडली नाही.

पुढच्या आठवड्यात बाई आली. फुरंगटलेलीच होती, पर्स मांडीवरून खाली ठेवायलाही तयार नव्हती.

"हवंय," ती म्हणाली. "जायला हवंय तिने. पण ती गेली तर घरात मी एकटी पडेन. आता बोला."

शहाणीने खुर्ची जवळ ओढली आणि बोलायला सुरुवात केली.