पत्र्याआडची खटखट

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे, बारा-तेरा नंबरचा. मला दोन तोंडे आहेत, पण मी दुतोंडी नाही. उलट माझे दुःख असे, की दोन तोंडे असूनही तीन वर्षे मला एक खरी गोष्ट सांगता आली नाही.

तापवून, ठोकून मला घडवले. एका मेकॅनिकने पहिल्या कमाईतून मला घेतले आणि माझ्या दांड्यावर कानशीने तीन खाचा पाडल्या. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली आणि तिथेच एक खिळा. "फळी भरल्याशिवाय गाडी सोडायची नाही," हा त्याचा नियम. एखादी आकृती रिकामी दिसली, की हत्यार गाडीत राहिले हे शेंबड्या पोरालाही कळे.

तो गेल्यावर गॅरेज दोन मुलांकडे आले. थोरला हाताने झपाट्याचा आणि जिभेनेही. धाकटा सावकाश, पण कानाचा तिखट. वडिलांची आठवण म्हणून धाकट्याने मला मागितले. थोरला म्हणाला, "फळीवरचं काही हलणार नाही." दोघे आपल्यासाठी भांडतात याचा मला तेव्हा आनंदच झाला. आता लाज वाटते.

त्याच आठवड्यात गाणे शिकवणाऱ्या एका बाईंची जुनी मोटार आली. पुढची सीट डुगडुगत होती. थोरल्याने पायाखालचे रबर उचलले, बोल्ट आवळला आणि मला दारापाशी पत्र्यावर ठेवले. तिथे गंजून भोक पडले होते. बाईंना शिकवणीला उशीर होत होता. त्याने घाईघाईने रबर ओढले, तसा मी घसरलो आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत जाऊन पडलो. फळीकडे न बघता त्याने गाडी सोडली. इतक्या वर्षांत असे एकदाच झाले, पण तेवढे पुरले.

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. "ब्रेक दाबला की काहीतरी खट्‌कन वाजतंय हो."

थोरला मला घ्यायला फळीकडे गेला आणि चमकला. मग भांडण झाले ते थेट माझ्या डोक्यावर, गाडीच्या दारात.

"पान्याला काय पाय फुटले? तूच मागत होतास ना?"

"दादा, मागत होतो. न विचारता घेईन का?"

"मग खिसे दाखव."

धाकट्याने खिसे उलटे केले. एक फडके, दोन वायसर, पेन्सिलीचा तुकडा. ते सगळे तिथेच टाकून तो गॅरेजमधून निघून गेला. मी इथे आहे, असे मला जीव तोडून ओरडायचे होते. पण गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीत मला आवाज नसतो.

त्यानंतर अंधार. कूस बदलायलाही जागा नाही. उन्हात पत्रा भाजायचा, पावसात पाणी साचायचे. ब्रेक लागला की मी पुढे आपटायचो, चढ आला की मागे. थोरल्याने ब्रेक बदलले, सायलेन्सर आवळला, चाके खोलली. त्याचे हात माझ्यापासून वीतभर अंतरावर फिरत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटी तो कंटाळून म्हणाला, "बाई, गाडी म्हातारी झाली. भंगारात द्या."

भंगारात गाडी दाबून चपटी करतात. माझे काय व्हायचे ते होवो, पण माझ्याबरोबर धाकट्याचा खरेपणाही दाबला जाणार होता. ते मला सोसवेना.

बाईंचा त्या गाडीवर जीव. भंगारात देण्याआधी एकदा विचारावे म्हणून त्या धाकट्याने वेगळे काढलेल्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. त्याने पाना-पक्कड हातात घेतलीच नाही. म्हणाला, "तुम्ही चालवा, मी मागे आडवा होतो." गाडीत मागच्या बाजूला तळाच्या पत्र्याला कान लावून तो निजला. बाईंनी ब्रेक दाबला आणि मी आयुष्यात कधी आपटलो नव्हतो इतक्या जोराने आपटलो.

"बाई, थांबवा. हे काही सुटलेलं नाही. काहीतरी अडकलंय."

रबर उचलून भोकातून त्याने तारेला बांधलेले लोहचुंबक सोडले. तीन वर्षांनी मी उजेड पाहिला. त्याने अंगठ्याने गंज पुसला. एक, दोन, तीन खाचा. त्याने मला खिशात ठेवले. "बाई, ही गाडी चांगली आहे. भंगारात देऊ नका," एवढेच म्हणाला.

संध्याकाळी थोरल्याच्या गॅरेजमध्ये जाऊन त्याने मला फळीवरच्या माझ्या खिळ्याला लावले आणि तो वळला. थोरल्याची नजर माझ्यावर गेली.

"कुठे होता?"

"तू ठेवलास तिथे."

थोरल्याने मला काढून धाकट्याच्या हातात दिले. "तू मागितलास तेव्हाच द्यायला हवा होता. मी तुझे खिसे बघितले रे. गाडी सोडताना फळी नाही बघितली." त्याला रडू आवरेना.

मित्रांनो, काम झाले की आमची जागा बघत जा. एखादी वस्तू सापडली नाही, तर आधी स्वतःचे हात आठवा, दुसऱ्याचे खिसे नंतर. आम्ही हरवलो तर नवे मिळतो, भाऊ मिळत नाही.

आता मी धाकट्याच्या दुकानात असतो. थोरला दर रविवारी येतो, चहा पितो, मला उगाच हातात घेऊन परत ठेवतो. त्याच्या फळीवरची माझी आकृती रिकामीच आहे. ती त्याने पुसलेली नाही. गाडी सोडताना तो आधी तिच्याकडे बघतो.