ओटीची झडती

विमानं पळवण्याचं पेव फुटलं, तेव्हा नागपूरच्या विमानतळावरही बायकांच्या झडतीसाठी एक पडदा लागला आणि पडद्यामागे पोलीस शिपाई गोपिका उभी राहिली. धातू ओळखणारं यंत्र होतं. पण ते बांगड्यांनाही केकाटे आणि किल्ल्यांनाही, म्हणून त्याचं कोणी मनावर घेत नसे. पुढाऱ्यांच्या पिशव्यांना हात लावायची तर सोयच नव्हती. उरल्या साध्यासुध्या बायका. त्यांच्या पर्सा गोपिका इमानेइतबारे उपसत असे.

एक गोष्ट मात्र ती सोडून देई. माहेरहून निघालेल्या लेकीच्या पदरात ओटीचे तांदूळ, नारळ, हळकुंड बांधलेलं असे. गोपिकाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवेनं भरल्या ओटीला हात लावायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. साहेबांनी नेमकं तेच हेरलं. परीक्षा म्हणून त्यांनी दुसऱ्या चौकीतल्या प्रमोदिनीला माहेरवाशीण बनवून पाठवलं आणि तिच्या ओटीतून वीतभर सुरा सुखरूप पडद्यापार गेला.

"पुन्हा एक जरी ओटी न तपासता गेली, तर नोकरी गेली समज," साहेब म्हणाले. घरी सासू आणि दोन लेकरं गोपिकाच्या पगारावर जेवत होती.

दोन दिवसांनी शामला आली. भिवापूरची नवी नवरी, मुंबईला सासरी निघालेली, पदर टम्म फुगलेला. नोकरी राखावी तर या पोरीला अपशकुन व्हायचा.

"पोरी, ओटी दाखवा लागते. पण मी विधवा आहो वं. माह्या हातानं नको, तूच सोड."

शामलानं गाठ सोडली. सुरा नव्हता, बाँब नव्हता. तांदूळ मात्र भसकन टेबलावर सांडले.

"मावशी, तुमीच भरून द्या ना."

"तुले समजत नाही काय? मी आताच सांगितलं ना…"

"समजते. माही आईही तशीच आहे. शेजारच्या काकूनं भरली ही ओटी. आई दाराआड उभी राहून रडून राहिली होती. जवळ ये म्हटलं, तर आली नाही." शामलानं पदर पुढे केला. "तुमी तरी भरा."

गोपिकाला गहिवरून आलं. ओंजळी ओंजळींनी तिनं तांदूळ भरले, नारळ ठेवला, हळकुंड ठेवलं आणि गाठ मारली. बाहेर रांग खोळंबली होती, साहेब हाका मारत होते. तिनं ओ दिली नाही.

शामला पाया पडली. "सुखी राहा," म्हणताना गोपिकाचे डोळे इतके भरून आले, की पोरीच्या बोर्डिंग कार्डावर झडतीचा शिक्का मारायचा राहूनच गेला. त्या शिक्क्याशिवाय कोणाला विमानात पाऊल ठेवू द्यायचं नाही, असा कडक नियम होता. शामला विमानात जाऊन बसली. कोणी विचारलंही नाही.